एआर स्कॉर्पी ताऱ्याचे वर्गीकरण कशामुळे बदलले?

प्रश्न: वृश्चिकेतील हा तारा १९७०च्या दशकापासून डेल्टा स्क्युटी प्रकारचा, म्हणजे एकट्याने स्पंदन पावणारा मानला जात होता, मग २०१६ साली ती श्वेत बटू (मृत ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) आणि तांबड्या बटूची (लहान, थंड तारा) जोडी असल्याचे कशावरून ठरले?

उत्तर १: ३.५६ तासांचा चढउतार खराच होता, पण तो स्पंदनाचा नसून जोडीच्या परिभ्रमणाचा होता. २०१५मध्ये हौशी निरीक्षकांना ताऱ्याचे वर्तन वेगळे वाटले, आणि नंतरच्या जलद प्रकाशमापनात दर १.९७ मिनिटांनी उसळणारे तेज सापडले. कधी ते अर्ध्या मिनिटात चौपट होते.

उत्तर २: माझ्या मते निर्णायक ठरली ती इतर तरंगलांबींची साथ. हे ठोके अतिनील किरणांपासून रेडिओपर्यंत उमटतात, त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन त्यामागे आहेत, असे मानावे लागते. शिवाय सोबतच्या तांबड्या बटूचे द्रव्य श्वेत बटूवर कोसळत असते, तर क्ष-किरण तीव्र असते; ते क्षीण असल्याने ही शक्यता मागे पडते.

प्रश्नकर्ता: मग ही ऊर्जा येते कुठून?

उत्तर २: मुख्यतः श्वेत बटूच्या स्वतःभोवती फिरण्यातून, त्याची एक फेरी सुमारे ११७ सेकंदांची आहे.