घरकुल मंजूर झालं, पण म्हशी कुठे बांधायच्या?

घाटमाथा:
माझं आजोळ पाटण तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर. कोयनेच्या वर, डोंगराच्या माथ्यावर गवळी धनगरांची नऊ घरं. तीन वर्षांपूर्वी मामांना घरकुल मिळालं. सगळे खूश होते, मीही होतो. या पावसाळ्यात चार दिवस राहून आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी जुन्या घराबद्दल सांगतो. एकच लांब छप्पर, आधी गवताचं, नंतर पत्र्याचं. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीनं लिंपलेल्या. वाकून आत शिरलं की डाव्या हाताला दावण, तिथं सहा म्हशी. उजव्या हाताला चूल, जातं, आमची अंथरुणं. मधे कमरेएवढा कूड. जमिनीला म्हशींच्या बाजूला उतार दिलेला, त्यामुळे मूत भिंतीखालच्या नाळीतून थेट बाहेरच्या खड्ड्यात जायचं. वर माळा, त्यावर वर्षाची वैरण. चुलीचा धूर त्या गवतातून वर जायचा, म्हणून गवताला कीड लागत नसे.

हे घर गरिबीमुळे असं होतं, असं मला शाळेत असताना वाटायचं. आता तसं वाटत नाही. शेजारच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या माथ्यावर काही वेगळं नाही. आषाढात दहा-दहा दिवस दार उघडवत नाही. रात्री बिबट्या. आणि घरात येणारा पैसा म्हशीचाच. अशा जागी जनावर नजरेआड ठेवायचं नाही, हे ज्यानं ठरवलं त्यानं विचार करूनच ठरवलं.

आता नवीन घर. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. मूळ अनुदान १ लाख २० हजार. एक खोली, स्वयंपाकाची जागा, संडास. म्हशींना जागा नाही. त्या चाळीस पावलं खाली, बांबूवर ताडपत्री टाकून बांधल्यात. मागच्या वर्षी बिबट्यानं रेडकू नेलं. तेव्हापासून मामा रोज रात्री घोंगडं घेऊन त्या ताडपत्रीखाली झोपतात. घर पक्कं झालं आणि घरधनी बाहेर झोपायला लागला.

माझं म्हणणं एवढंच: ज्या घरात जनावर हाच संसार आहे, तिथं एका छपराखालचा आराखडा सरकारनं मान्य करावा. तुम्हाला काय वाटतं?

वाड्यावरची लेक:
दादा, तुम्ही चार दिवस राहिलात. मी सतरा वर्षं राहिले. म्हणून जरा स्पष्ट लिहिते.

त्या कुडाच्या अलीकडे मी दहावीचा अभ्यास केलाय. पुस्तकाच्या पानांना शेणाचा वास, युनिफॉर्मला शेणाचा वास. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसत नसे. रात्री म्हशीनं शेपूट झटकली की शिंतोडे अंथरुणावर. पावसाळ्यात ओलं शेण, ओली वैरण आणि चुलीचा धूर हे सगळं एका खोलीत कोंडलेलं. माझ्या आईला पन्नाशीच्या आत जो खोकला लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

बाईचं म्हणून काही आडोशाला नाही. अंघोळ म्हशींच्या दावणीशेजारी, बाळंतपण तिथंच. माझ्या धाकट्या भावाचा जन्म झाला त्या रात्री पलीकडे म्हैसही व्याली होती. आजी इकडून तिकडे धावत होती आणि हात धुवायला पाणी एकाच हंड्यात होतं. म्हशीचं काम जवळ म्हणून सोपं असं लोक म्हणतात, पण ते सोपं कुणाला? शेण काढणारी, पाणी पाजणारी बाईच. म्हैस घरात म्हणजे काम चोवीस तास घरात. म्हैस बाहेर गेली तर निदान दाराच्या आत आल्यावर ती टेकेल तरी.

घरकुल लहान आहे, चुकीच्या पद्धतीनं बांधलंय, मान्य. पण म्हशी परत आत आणा असं म्हणू नका.

गुरांचा डॉक्टर:
बावीस वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतोय, त्यातली बरीचशी डोंगरी तालुक्यांत. लेकीच्या बाजूनं आहे, आणि कारणं नुसती वासाची नाहीत.

गोचीड घ्या. माकडताप १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला. ज्या गोचिडीमुळे तो पसरतो ती पूर्ण वाढली की गुरांच्या अंगावर रक्त पिते. रानात चरून आलेलं जनावर ती घेऊन येतं. सातारच्या माथ्यावर हा ताप आहे असं मी म्हणत नाही. पण रानात चरणारं जनावर आणि झोपलेलं मूल यांच्यात कमरेएवढा कूड हे अंतर नाही. गोचीड तो एका रात्रीत ओलांडते.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, जनावराच्या मुतातून पसरतो, आणि ओल्या जमिनीत, अनवाणी पायांना तो गाठतोच. ब्रुसेला हा जंतूही आहे. म्हैस गाभडली की घरातला कुणीतरी उघड्या हातानं गर्भाची वार ओढतो, तेच हात भाकरीला लागतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढे महिनोन् महिने ताप येतो-जातो, सांधे धरतात आणि माणूस हिवताप समजून औषधं घेत राहतो.

'गुरं असली की डास त्यांना चावतात, माणूस वाचतो' हे वाडीवस्तीवर नेहमी ऐकतो. हिवताप पसरवणाऱ्या डासांच्या काही जातींना गुराचं रक्त जास्त आवडतं हे खरं. पण गुरं झोपायच्या खोलीतच असतील तर आपण डासांना आतच बोलावतो. गोठा थोडा लांब असेल तरच त्या म्हणण्याला काही अर्थ.

घाटमाथा:
लेक, तुम्ही लिहिलंय त्यातलं अक्षरही खोडायचं नाही. बाळंतपणाचं वाचून थांबलो. मला हे दिसलं नव्हतं, कारण मी तिथं पाहुणा होतो.

तरी डॉक्टरांना एक विचारतो. श्रावणात रात्री दोनला म्हैस अडली तर चाळीस पावलांवरून कळतं का? मी होतो तेव्हा मामी कुशीवर वळता वळता म्हणाली, "काळीचा श्वास बदलला." ती जुन्या घराच्या सवयीनं कान लावून होती. पण खाली ताडपत्रीवर पाऊस एवढा वाजत होता की तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तो भासच. मामा खालीच असले तरी ती तीनदा कंदील घेऊन जाऊन आली. आत्ता त्या घरात म्हशीही नाहीत आणि झोपही नाही.

बांधकामवाला:
मी घरकुलांचीच कामं घेतो, म्हणून हिशोबाचं बोलतो. गोठ्यासाठी वेगळी सोय आहे. २०२१ पासून शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, रोजगार हमीतून, दोन ते सहा गुरांसाठी पक्का गोठा मिळतो. २०२१ च्या दरानं ७७ हजार १८८ रुपये. क्षेत्र २६.९५ चौरस मीटर, गव्हाण पक्की, मूत साठवायला २५० लिटरची टाकी.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. माणसांच्या घराला किमान २५ चौरस मीटर, सहा म्हशींच्या गोठ्याला जवळपास २७. म्हणजे सरकारच्या कागदावर दोन्ही घरं आहेत आणि सारख्याच मापाची आहेत. फक्त ती दोन खात्यांची, दोन फायलींची, दोन वेगवेगळ्या वर्षांची. घर आधी होतं, गोठ्याची फाईल मागे राहते, मधल्या काळात ताडपत्री. दोन्ही एकाच वेळी मंजूर झाली तर मधली भिंत सामाईक घेता येईल, एका भिंतीचा खर्च वाचेल. माथ्यावर जिथं रस्ता नाही तिथं वाळू-सिमेंट डोक्यावरून न्यावं लागतं, अनुदानाचा मोठा भाग वाहतुकीतच जातो. तिथं एक भिंत वाचणं म्हणजे खूप झालं.

रानवाटा:
सगळे छपराबद्दल बोलताय, जमिनीबद्दल कुणी बोलत नाही. यातले कित्येक वाडे जंगलात किंवा जंगलाला लागून आहेत. कोयना अभयारण्य १९८५ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. तिथं सिमेंटचा गोठा बांधणं म्हणजे जनावरं कायमची तिथंच. मग बिबट्या रेडकू नेणार, नुकसानभरपाई, राग, हे चक्र चालूच राहणार. मला वाटतं वाडे खाली रस्त्याला आणावेत, चांगला मोबदला देऊन. मुलांच्या शाळेचाही प्रश्न सुटेल.

घाटमाथा:
आमचा वाडा प्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहे, पण मुद्दा टाळत नाही. खाली कुठे? खालची जमीन कुणब्यांची, पिढ्यान् पिढ्या. मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी गवळी धनगरांवर काम केलं, त्यात हेच नोंदवलंय: माथ्यावर गवळी, खोऱ्यात कुणबी, वरून लोणी खाली यायचं आणि खालून धान्य वर. माथ्यावरचं गवत सोडून म्हैस खाली आणली तर तिला खायला विकतची पेंड. दोन म्हशींच्या वर कुणाला परवडणार नाही.

जमिनीचं म्हणाल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. पण धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातीत आहेत. म्हणून 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करायचा, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं राहत असल्याचा पुरावा द्यायचा. माझ्या पणजोबांचा पुरावा काय? घराच्या मागचा शेणखताचा ढीग आणि चार समाध्यांचे दगड. सातबारा नाही म्हणून गोठ्याचा अर्ज परत आला. मामांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगून ठेवलाय.

ब्लॅक फॉरेस्टहून:
जर्मनीत राहते, मूळची चिपळूणची. इथं गुताख गावात एक जुनं शेतघर जपलंय, १६१२ सालचं. प्रचंड उतरतं छप्पर, खाली एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला गुरं, वर गवताचा माळा. आमच्याकडे पावसासाठी, इथं बर्फासाठी. आत पाऊल टाकल्यावर मला आजोळच आठवलं. लोक तिकीट काढून रांगेत उभे राहून बघतात. आपणही एखादा धनगरवाडा असा जपायला हवा.

वाड्यावरची लेक:
ताई, जपा, मनापासून सांगते. पण त्यात कुणी झोपत नसेल तेव्हा जपा. तिकीट काढून आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर पडतो. माझी आई पडली नाही.

आणि घाटमाथा, खाली नेण्याच्या विरोधात मीही आहे. म्हशी सोडा असं मी कुठेच म्हटलं नाही. मला एवढंच विचारायचंय की हा आराखडा करताना बायकांना विचारणार का. तुमच्या मामींना विचारलंत?

घाटमाथा:
नव्हतं विचारलं. परवा रात्री फोन केला. जसं बोलली तसं लिहितो.

"म्हशी आत नकू. आता सवय मोडली, वास सहन हुत नाय. पण लांब बी नकूत. भितीला भित लागून गोठा पायजे, वर एकच पत्रा. आन् दार बाहेरनंच, आतनं नकू, न्हायतर पोरं दार उघडं टाकत्यात."

बांधकामवाले, डॉक्टर, तुम्हीही बघा, तुम्हा दोघांचं म्हणणं यात येतं की नाही.

गुरांचा डॉक्टर:
येतं. पूर्ण उंचीची भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा, उतार घरापासून उलट्या दिशेला आणि मुताची टाकी लांबच्या कोपऱ्यात. एवढं असेल तर माझा विरोध नाही. रानातून आल्यावर म्हशींच्या कासेत आणि कानामागे रोज हात फिरवून गोचिडी बघायच्या, नुसत्या भिंतीवर विसंबू नका.

बांधकामवाला:
सहज होईल. फक्त दोन्ही फायली एकाच ग्रामसभेत घ्या आणि जोत्याच्या वेळीच सामाईक भिंतीचा पाया धरा. झालेल्या घरकुलाला मागाहून जोडतानाही जमतं, पण छपराच्या सांध्यातून पाणी येतं. तिथं पत्रा किमान फूटभर आत घ्या.

घाटमाथा:
जमिनीचा कागद होईल तेव्हा होईल, म्हणून गोठा आम्ही घरच्या पैशांनी उभा करतोय. चार भाच्यांनी मिळून वर्गणी काढली. काल गवंड्याला घेऊन वर गेलो. भिंत कुठली ते ठरलं, पत्र्याचा सांधा ठरला. मग मामी घरकुलात गेली, अंथरूण पसरतात त्या जागी खाली बसली आणि तिथूनच हात लांब करून भिंतीवर तळवा ठेवला.

"हितं एक खिडकी ठिव," म्हणाली. "लहान. बंद हुनारी. हितनं कोपऱ्यातली म्हस दिसती. व्यायला झालेली मी कोपऱ्यातच बांधते."

गवंड्यानं खिशातला कोळसा काढून तिच्या तळव्याभोवती चौकोन आखला.