गिरासे आडनाव कुठून आलं? एकाच आडनावात लग्न कसं होतं?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, सध्या मुक्काम पुण्यात. आडनाव गिरासे. गावाकडे या आडनावाचं कुणाला काही वाटत नाही, आमच्या गल्लीत निम्मी दारं गिरास्यांचीच. पुण्यात मात्र दर ठिकाणी अक्षरं फोडून सांगावी लागतात, तरी कुठे 'गिरीसे' लिहून येतं, कुठे 'घिसारे'.

आत्ता विचारायचं कारण वेगळं आहे. धाकट्या भावाला दोंडाईच्याकडचं स्थळ आलंय. मुलगी शिकलेली, दोन्ही घरांना पसंत. तीही गिरासेच. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "एकाच आडनावात लग्न कसं करता गं?" मी आजीला फोन लावला. ती म्हणाली, "आपलं कूळ सिसोदिया, त्यासनं सोळंकी, मंग काय अडस?" तिच्या दृष्टीने विषय संपला! माझ्या आईचं माहेरही गिरासेच, पण त्यावर घरात कधी कुणी चकार शब्द काढलेला नाही.

मग गिरासे म्हणजे काय? कूळ नाही, गावावरून पडलेलं नाही, धंद्यावरूनही दिसत नाही. वडीलधारे 'आपण चितोडहून आलो' एवढंच सांगतात. नेटवर शोधावं तर राजस्थानातले गरासिया आदिवासी समोर येतात. ते आणि आम्ही एकच का? मला हे मनापासून जाणून घ्यायचंय.

शहादेकर

ताई, पुण्यात दुर्मिळ असेल, आमच्याकडे नाही. शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात राजपूत वस्तीचं गाव म्हटलं की गिरासे आलेच. जोडीला रावल, जमादार, सिसोदे. आमच्या वर्गात इतके गिरासे होते की गुरुजी आडनाव घेतच नसत, मुलाचं नाव आणि बापाचं नाव घेऊन हजेरी घ्यायचे. त्यातही सगळे 'सिंग', त्यामुळे एका हाकेला दोघं उभे राहायचे. जळगावकडे सरकलात की हे आडनाव विरळ होत जातं.

दप्तरवाले आबा

ताई, मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी तापीच्या दोन्ही तीरांवरच्या गावांत गेली, त्यामुळे या आडनावाशी माझा रोजचा संबंध होता. जरा सविस्तर लिहितो.

शब्दाचं मूळ 'ग्रास', म्हणजे घास. गुजरात-राजस्थानात राजघराण्यातला थोरला गादीवर बसायचा आणि धाकट्या भावांना पोटापाण्यासाठी गावं किंवा जमीन तोडून द्यायचे. त्या वाट्याला नाव पडलं गिरास, गुजरातीत गरास. तो वाटा धरणारा गिरासिया. आपल्या तोंडी त्याचा गिरासे झाला.

पुढे या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. सत्ता बदलल्या, गावं हातची गेली, पण जुने ठाकूर मागे हटले नाहीत. ज्या गावांवर आपला हक्क होता तिथून दरसाल ठराविक रक्कम ते घेतच राहिले. गावाने नाही दिली तर गुरं वळवून न्यायची, खळी पेटवायची. त्या वसुलीलाही गिरासच म्हणत. इंग्रजांना हा प्रकार मोडून काढायचा होता, म्हणून त्यांनी गिरासियांना गावात वसुलीला जायची बंदी केली आणि ती रक्कम सरकारी खजिन्यातून द्यायला सुरुवात केली. मुंबई इलाख्यात १८८७ साली खास 'तोडा गिरास' भत्त्यांचा कायदा झाला. सौराष्ट्रात तर १९५१ च्या जमीन सुधारणा कायद्यातसुद्धा 'गिरासदार' हा शब्द आहे. म्हणजे हे आडनाव रक्ताचं नातं सांगत नाही. पूर्वजाचा जमिनीवर किंवा महसुलावर काय हक्क होता, ते सांगतं. सिसोदियालाही गिरास असू शकतो, सोळंकीलाही, परमारालाही. तुमच्या आजी अगदी बरोबर बोलल्या.

आपल्याकडे हे काही नवं नाही. पाटील मराठ्यांत आहेत, लेव्यांत आहेत, गुजरांत आहेत, कोळ्यांत आहेत, म्हणून ते सगळे भाऊबंद ठरत नाहीत. आपल्या बहिणाबाई माहेरच्या महाजन, सासरच्या चौधरी. दोन्ही मानाचे हुद्दे, आणि त्याच आडनावांची दुसऱ्या जातींतली घरं शेजारच्या गल्लीत सापडतील.

आता दप्तरात काय दिसतं ते सांगतो, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. जुन्या मोडी कागदांत मी आडनाव क्वचितच पाहिलं. नोंद अशी असायची: 'अमुकसिंग वल्द तमुकसिंग रजपूत, राहणार मौजे अमुक'. वल्द म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव. बाप, जात आणि गाव, एवढ्यावर माणूस ओळखला जायचा. पुढे मुलं शाळेत जाऊ लागली, दाखल्यावर आडनावाचा रकाना आला, आणि तिथे घरच्यांनी सांगितलं ते किंवा गुरुजींना सुचलं ते पडलं. एका खात्यात तीन सख्खे भाऊ वारस लागले, त्यांच्या मुलांपैकी एकाच्या दाखल्यावर गिरासे, दुसऱ्याच्या राजपूत, तिसऱ्याच्या जमादार, असं मी स्वतः फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीला, घेतलंय. तिघांची शेतं बांधाला बांध लागलेली, घराला घर लागलेलं, कुळाचार एक. नवीन आलेला साहेब बुचकळ्यात पडायचा, गावाला काही वाटत नसे.

चितोडचं म्हणाल तर ते जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ती घराण्याची आठवण आहे, तिचा मान ठेवावा. पण तापीचं खोरं नकाशावर पाहा. सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला जाणारा मोठा रस्ता इथूनच होता. खान्देशच्या फारुकी सुलतानांचा गुजरातशी सततचा संबंध, पुढे १६०१ ला अकबराने असीरगड घेतला आणि मोगल आले. घोडा आणि तलवार चालवणाऱ्या माणसाला या वाटेवर चाकरी मिळत होती. घराणी एकाच वेळी, एकाच गावाहून आली असतील असं मला वाटत नाही. गुजरातकडून येणं तर शेजारच्या अंगणात पाऊल टाकण्याइतकं सोपं होतं.

गरासिया आदिवासी वेगळे. ते अरवलीतले, सिरोही, उदयपूर, बनासकांठा भागातले. राजस्थानच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'गरासिया (राजपूत गरासिया वगळून)' असंच छापलेलं आहे. नावं सारखी दिसतात म्हणून नेटवर सरमिसळ होते.

एक विचारतो. आईच्या माहेरचं कूळ कोणतं? जुनी माणसं आईचं कूळही पाहतात.

उधना जंक्शन

आबांच्या बोलण्याला जोड देतो. आम्ही मूळचे नरडाण्याकडचे, वडील सुरतेला मिलमध्ये लागले तेव्हापासून इथेच. लिंबायत-उधन्यात खान्देशी माणूस मोप. मी आडनाव सांगितलं की गुजराती माणूस लगेच विचारतो, "दरबार छो?" म्हणजे गरास असलेले राजपूत का? त्याला आडनावाचा अर्थ सांगावा लागत नाही, गरास हा शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. नाशिक-पुण्यात जे समजावून सांगावं लागतं, ते इथे त्याला आधीच ठाऊक असतं.

तापीकाठची

आबा, तुम्ही एवढं लिहिलंत, मी ते आईला फोनवर वाचून दाखवलं. तिच्या माहेरचं कूळ परमार. म्हणजे सिसोदिया, परमार, सोळंकी, तिन्ही वेगळी. उधन्याचे दादा, तुमचं 'दरबार छो' ऐकून आई खूश झाली, तिच्या मामांना सुरतेत असंच विचारतात म्हणे.

आता पुढचं विचारते. आमच्या घराण्यात हे आडनाव केव्हापासून लिहिलं जातंय ते शोधायचं असेल तर कुठे जावं?

दप्तरवाले आबा

तीन कुळं वेगळी म्हटल्यावर खुशाल साखरपुडा उरका.

शोधायचं असेल तर आधी गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि जनरल रजिस्टर पाहायला मागा. आजोबा-पणजोबांची दाखल-खारीज नोंद सापडली तर आडनाव कधी आलं ते तिथेच कळेल. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही. रीतसर अर्ज करून नकला घ्या. मोडी असेल तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा, मोडीचे जाणकार भेटतील. घरातलं कुणी त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला विधीला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही पिढ्या मिळतात. तिथे आडनावापेक्षा गाव आणि जात आधी विचारतात, तेवढं सांगा. घराण्याचे भाट अजून येत असतील तर त्यांची वही आजी असेपर्यंत वाचून घ्या, कारण वहीतली नावं कोण कुणाचं हे त्याच सांगू शकतील.

मौजेचं नाव मला खासगी निरोपात कळवा. माझ्या सज्ज्यातलं, म्हणजे तलाठी असताना माझ्याकडे असलेल्या गावांतलं, असेल तर कोणत्या गठ्ठ्यात पाहायचं ते सांगतो.