मदत हवी आहे: क्रूझचा ट्युनिस थांबा, सोमवार, ८ ते ५

भटक्या_डोंबिवली: इटलीहून निघालेलं जहाज सोमवारी सकाळी ८ला ट्युनिसच्या ला गुलेत बंदराला लागतं, ४:३०ला सगळे परत आत. आम्ही चौघं, दोघं सत्तरीतले, सगळे शाकाहारी, भारतीय पासपोर्ट. कार्थेजचे प्राचीन अवशेष, सिदी बू सईद हे टेकडीवरचं गाव, बार्दो संग्रहालय आणि ट्युनिसचा जुना बाजार, सगळं बसेल का? टॅक्सी की लोकल?

सागरमाथा: बार्दो सोमवारी बंद असतं, ते यादीतून काढा. उरलेल्यातही दिशा बघा: कार्थेज आणि सिदी बू सईद बंदराच्या उत्तरेला लागोपाठ आहेत, ट्युनिस पश्चिमेला तलावापलीकडे. ज्येष्ठ सोबत असतील तर एकच बाजू धरा, माझं मत उत्तरेचं.

सुरुवात कार्थेजच्या अँटोनाइन या रोमन स्नानगृहांपासून करा. इ.स. दुसऱ्या शतकातली आहेत. आज फिरता येतं ते मुख्यतः खालच्या मजल्याचे अवशेष, वरचे दालनांचे मजले गेले. इथलं पाणी झाघुआनच्या डोंगरातून जलसेतूने यायचं. सावली जवळपास नाही, टोप्या आणि पाणी न्या. शेजारीच राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका, पहारेकरी हटकतात. तिकीट सामायिक असतं, फाडून टाकू नका. कार्थेजमधलीच बिरसा टेकडी, रोमन घरं आणि 'तोफेत' ही प्राचीन दफनभूमी, इथे तेच दाखवायचं. बिरसावरचं संग्रहालय दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होतं, उघडलंय का ते तिकीटखिडकीवर विचारा.

सिदी बू सईदला गाड्या खालीच थांबतात, पुढे दगडी चढ. ज्येष्ठांना वेळ द्या.

नकाशावाला: त्याआधी व्हिसा! ट्युनिशिया शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा क्षेत्राबाहेर आहे. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर इथे आल्यावर तो वापरून संपतो आणि पुढच्या युरोपीय बंदरात अडकाल. मल्टिपल एंट्रीच हवा. ट्युनिशियात उतरायला तुमच्या पासपोर्टवर काय लागतं, ते क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

आठवडी_बाजार: चौघांना टॅक्सीच बरी. बंदरातले चालक युरोत ठोक भाव सांगतात. दरवाजाबाहेर पिवळी मीटरची टॅक्सी मिळते. अर्ध्या दिवसासाठी ठरवलीत तर भाव गाडीचा की माणशी, थांबण्याचा वेळ धरून की वेगळा, हे आधी बोला, पैसे शेवटी. 'दुकान नको' हेही तेव्हाच सांगा, नाहीतर गालिचे बघण्यात तास जातो. लोकल म्हणजे टीजीएम: स्वस्त, स्नानगृहांसाठी 'कार्थेज हानिबाल' स्टेशन, पण गर्दी असते.

दिनार देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून थोडेच बदला. जेवणात ब्रिक या तळलेल्या भरल्या पारीत आणि मेशुइया या भाजलेल्या भाज्यांच्या सॅलडवर अंडं-ट्यूना घालतात, कुसकुसचा रस्साही मांसाचा असू शकतो. फ्रेंचमध्ये 'सां व्यांद, सां तों, सां झ्य' म्हणजे मांस, ट्यूना, अंडं नको. बांबालूनी हा तळलेला गोड वडा बिनधास्त खा, पण तेल कशाचं ते विचारून.

सागरमाथा: एक राहिलं. उन्हाळ्यात ट्युनिशिया इटलीच्या एक तास मागे असतं. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, जहाज बहुधा बदलत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा.