मदत हवी आहे: कवळे ते वेर्णा, रोज सायकलने. जमेल का?

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या कवळ्याहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज सायकलने नोकरीला जाता येईल का? एकदा जाता येतं, ते मी परवाच्या रविवारी करून बघितलंय. प्रश्न ‘रोज’चा आहे.

वय ४४. सध्या फोंड्यातच एका दुकानाचे हिशेब बघतो. वेर्ण्याला एका औषध कंपनीत स्टोअर्सची जागा आहे, पहिली मुलाखत झाली, दुसरी पुढच्या गुरुवारी. वेळ ८.३० ते ५.३०. कंपनीची बस मडगाव, वास्को आणि पणजीहून येते, फोंड्याहून नाही. घरात स्कूटर एकच आणि ती बायकोला शाळेत जायला लागते. खासगी बस आहे, पण ती भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही हे गोव्यात राहणाऱ्याला मी काय सांगू.

दुसरं कारण रक्ताच्या रिपोर्टात आहे. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.२. ६.५ ला मधुमेह म्हणतात, तुम्ही उंबरठ्यावर बसलायत, असं डॉक्टर म्हणाले. रोज घाम गाळा. आता जिमला जाऊन आरशासमोर घाम गाळणाऱ्यातला मी नव्हे. म्हटलं जाणं-येणं आणि घाम एकाच खर्चात उरकू.

मधे जुवारी नदी आहे. ती ओलांडायचे तीन मार्ग दिसतात. बोरीचा पूल सरळ आहे, पण अरुंद, आणि सकाळी मागून ट्रक आला की अंग चोरून कठड्याला चिकटावं लागतं. मडकई-कुठ्ठाळी फेरीने गेलो तर पलीकडे हायवेवरूनच वर चढायचं. तिसरा मार्ग दुर्भाट-रासई फेरीचा: कवळे, तळावली, दुर्भाट, फेरी, मग रासईहून लोटली आणि तिथून वेर्ण्याचं पठार. मोबाइलने १८ किलोमीटर दाखवले. मी हा धरला, कारण रस्ता शांत आणि फेरीत दुचाकीला पैसे पडत नाहीत.

(बायको म्हणाली, आपली शांतादुर्गा केळशीहून इकडे आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, मंगेश कुठ्ठाळीहून. सोळाव्या शतकात देवांनी पोर्तुगीजांपासून जीव वाचवायला नदी ओलांडली, तू मुद्दाम उलटा चाललायस.)

आता रविवारची हकीकत. सायकल भाच्याची, जाड दातेरी टायरची, पुढे शॉक-अप असलेली. ६.४० ला निघालो तेव्हा अंधारच होता. फेब्रुवारीत उजाडायला सात वाजतात हे स्कूटरवर कधी लक्षात आलं नव्हतं. वाटेत पोदेर भेटला, मागे पावांचं भलंमोठं टोपलं, पों-पों करत चढावर मला मागे टाकून गेला. त्याच्या सायकलला गियरही नव्हते.

दुर्भाटला पोचलो तर फेरी नुकतीच धक्क्यावरून सुटलेली, मधे जेमतेम दोन हात पाणी. ती पलीकडे जाऊन, तिथली माणसं घेऊन परत येईपर्यंत २५ मिनिटं गेली. ओहोटी होती, त्यामुळे उतार नेहमीपेक्षा तीव्र आणि खालचा भाग शेवाळलेला. सायकल हाताने धरून उतरताना डावा पाय सटकला, पॅडलचे दात पोटरीत घुसले. फेरीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, खंय वता? म्हटलं वेर्ण्याला. ‘सायकलीर? पिसो जाला मरे तूं!’ (वेडा झालास की काय!) आणि मग आपल्या पिशवीतलं केळं काढून दिलं.

लोटलीपर्यंत झाडांची सावली, जुनी घरं, मजेत गेलो. पुढच्या चढावर गियर बदलायला गेलो आणि खटकन चेन पडली. बसवली, शंभर पावलांवर परत पडली. मग उरलेला चढ ढकलत. कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा ८.३५, हात कोपरापर्यंत काळे, शर्ट पिळून काढावा असा. वॉचमनला विचारलं सायकल ठेवायला जागा आहे का. म्हणाला, सायकल स्टँड आहे, पण त्याच्यात सध्या जनरेटरचे ड्रम ठेवलेत.

येताना बोरीच्या पुलावरून आलो. रविवार असूनही परत त्या वाटेने जाणार नाही.

तर मला हवंय ते असं. फेरीचा भरवसा धरून नोकरी करता येते का? हीच सायकल चालेल की नवी घ्यावी (बजेट १५ हजार, त्याहून जास्त म्हणजे घरात स्पष्टीकरण द्यावं लागेल)? पोचल्यावर घामाचं काय करायचं? गुडघे, विशेषतः उजवा, अजून दुखतोय, तो वयाचा दोष की सायकलचा? पावसाचं तर विचारायची हिंमतच होत नाही, पण विचारतो. आणि मुलाखतीत हे सांगावं का?

*

जुना_सायकलवाला:
दादा, नवी घेऊ नका. आधी त्या सायकलचे दातेरी टायर काढा, दीड इंची गुळगुळीत टायर घाला आणि हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याजवळ ठेवा. डांबरी रस्त्यावर ते दाते म्हणजे रबर चघळत जाण्यासारखं. शॉक-अपला वर लॉकची चावी असेल तर लॉक करा, नाहीतर चढावर तुमची निम्मी ताकद ती स्प्रिंग खाते. चेन पडली कारण तुम्ही चढावर जोर लावताना पुढचा गियर बदललात. चढ दिसला की सपाटीवरच हलक्या गियरवर या, बदलताना पाय क्षणभर सैल सोडा. तरीही पडली तर पुढच्या डिरेलरचे (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) दोन छोटे स्क्रू मेकॅनिककडून बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम.

गुडघा वयाचा नाही, सीटचा आहे. भाच्याची उंची किती? सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. माझी खात्री आहे तुमचा वाकत असणार.

साष्टीकर:
रविवारची रंगीत तालीम खरी धरू नका. सोमवारी जा. रविवारी लोटलीच्या रस्त्यावर मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जाणारे असतात, सोमवारी ड्यूटीवर जाणारे. तो चढ तोच, पण मागून हॉर्न वेगळे. आणि फेरीबद्दल: गाड्यांच्या रांगेत उभे राहू नका, कडेने रेलिंगजवळ सायकल लावा. उतरताना मोटारसायकलवाल्यांना आधी जाऊ द्या, ते थांबणार नाहीतच. ओहोटीला सायकल उजव्या हाताला धरता तर पाय खरबरीत भागावर ठेवा, गुळगुळीत हिरवं दिसतं तिथे देवसुद्धा घसरतो.

केप्याची_मावशी:
घामाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. औषध कंपनीत बाहेरच्या कपड्यांत आत सोडतच नाहीत, स्टोअर्समध्येसुद्धा कपडे-चपला बदलाव्या लागतात. म्हणजे चेंजिंग रूम आणि लॉकर आलेच. सोमवारी पाच दिवसांचे कपडे नेऊन ठेवा. पोचल्याबरोबर तोंड धुऊ नका, दहा मिनिटं पंख्याखाली बसा. आपल्या दमट हवेत घाम थांबायच्या आधी अंग पुसलं की परत तितकाच येतो. मी बँकेत असताना सात वर्षं केलंय हे, आठ किलोमीटर का असेना.

आणि पाठीवर पिशवी नको. कॅरियर बसवा. पाठ मोकळी असली की अर्धा घाम कमी.

रानवाट:
पावसाचं मी सांगतो, कारण मी पावसातच जास्त चालवतो. लोक जूनला घाबरतात, खरी परीक्षा एप्रिल-मेची. पावसात निदान अंग तापत नाही. दोन्ही मडगार्ड हवेत, मागचं लांब. लाल चिरेमातीचा चिखल रिमला लागला की ब्रेकचं रबर पॉलिश पेपरने घासल्यासारखं झिजतं, आठवड्यातून एकदा बघा. चेनला पावसाळ्यातलं जाड तेल घाला, नाहीतर सोमवारी घातलेलं बुधवारी धुऊन गेलेलं असतं. रेनकोट घालू नका, आतून शिजाल. भिजा आणि पोचून बदला.

जुना_सायकलवाला:
रानवाटभाऊ, तुमचं वय २६. त्यांना असलं काही सांगू नका. खड्डा पाण्याने भरला की तो चार बोटं आहे की चार फूट, कळतं कुणाला? मी म्हणेन जुलै-ऑगस्ट सरळ बसने जा, उशीर झाला तर झाला.

रानवाट:
मान्य, जुलैत अंधार पडल्यावर नको. पण पूर्ण चार महिने बंद केलं की ऑक्टोबरात परत सुरू होत नाही, हे मी आजूबाजूला बघितलंय.

साष्टीकर:
पॅडल असिस्टवाली, म्हणजे मोटरची जोड असलेली सायकल घेतली तर? २५० वॅटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असली तर लायसन्स, रजिस्ट्रेशन काही लागत नाही. पण १५ हजारांत बसणार नाही, आणि साखरेसाठी पॅडल मारायचंय तर अर्धी मोटरच मारणार.

*

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. सोमवारी रजा टाकून गेलो.

सीट तीन बोटं वर केली, भाचा माझ्याहून चांगला वीतभर बुटका निघाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गुडघा ठीक. टायर बदलले. चेन एकदाही पडली नाही.

घरातून ६.२० ला निघालो आणि समोर फेरी उभी. म्हणजे खरं गणित सायकलचं नाहीच, फेरीचं आहे. पॅडल मारण्यात १ तास ५ मिनिटं गेली, फेरी धरून एकूण १ तास २०. फेरी चुकली तर पाऊण तास जास्त धरून निघायला हवं, आणि रोज पाऊण तास लवकर पोचून मी तिथे करू काय? फेरीवरच्या माणसाने मात्र एक युक्ती सांगितली: तळावलीच्या वळणावरून नदी दिसते, फेरी आपल्या काठाला असेल तर जोर लावा, पलीकडे असेल तर सावकाश या, घाम वाचेल. पुढच्या खेपेला करून बघतो.

संध्याकाळी मात्र अंदाज चुकला. लोटलीनंतर रासईच्या उतारावर मिट्ट काळोख, माझा लाइट म्हणजे काजवा. मधे बसलेलं कुत्रं मला दिसायच्या आधी मला ऐकू आलं. तेव्हा पुढचा लाइट चांगला घेतोय, मागे लाल आणि बुटांना चमकणारी पट्टी. जुलै-ऑगस्टचं जुन्या सायकलवाल्यांचं ऐकणार, बाकीच्या पावसाचं बघू.

आता एकच राहिलं. गुरुवारी ११ ची मुलाखत आहे. सायकलनेच जाऊ, की त्या दिवसापुरती स्कूटर मागू?

केप्याची_मावशी:
स्कूटर मागा. सायकलचं नोकरी हातात पडल्यावर सांगा, आणि त्याच दिवशी ते जनरेटरचे ड्रमही हलवायला सांगा.