शब्दचर्चा: तह, आघाडी की युती?

प्रश्न:
नाटोवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. एकमेकांच्या रक्षणासाठी देश एकत्र येतात, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘लष्करी आघाडी’ लिहिलं आणि पुढच्याच परिच्छेदात ‘सैन्य आघाडीवर पाठवलं’ असं वाक्य आलं. ‘संधी’ हिंदीत चालतो, मराठीत नोकरीची संधी आठवते. ‘तह’ लिहू का?

प्रतिसाद १:
ताई, ‘तह’ नको. तह बहुधा लढाईच्या शेवटी किंवा कोंडीत सापडल्यावर होतो, आणि एका बाजूला काहीतरी सोडावं लागतं. पुरंदरच्या तहात (१६६५) महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. वसईच्या तहात (१८०२) तर भाषा मैत्रीची आणि संरक्षणाचीच आहे. पण दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी न करण्याचंही कबूल केलं. हे सगळं ‘तह’ या शब्दाला चिकटलेलं आहे.

नाटोच्या करारावर ४ एप्रिल १९४९ ला १२ देशांनी सह्या केल्या, त्या पुढचं युद्ध टळावं म्हणून. आज ३२ सदस्य आहेत आणि निर्णय एकमताने होतात. मी ‘लष्करी युती’ लिहितो. निवडणुकीचा वास येतो खरा, पण बरोबरीच्या नात्याने एकत्र येणं त्यात नीट उतरतं.

प्रतिसाद २:
‘युती’ मलाही पटते. त्याहून जपायची जोडी म्हणजे ‘सुरक्षा’ आणि ‘संरक्षण’. ‘सामूहिक सुरक्षा’ ही संयुक्त राष्ट्रांची कल्पना: शांतता मोडणारा सदस्य असला तरी बाकीच्यांनी मिळून त्याला आवरायचं. नाटोचं कलम ५ म्हणजे ‘सामूहिक संरक्षण’: बाहेरून एकावर झालेला हल्ला सर्वांवरचा मानायचा. तरी सगळ्यांनी फौजच पाठवावी असं त्यात नाही, प्रत्येकाने आपल्याला आवश्यक वाटेल ती मदत करायची. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. तेव्हा नाटोची रडार विमानं अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती, आणि त्यांत १३ देशांचे कर्मचारी होते. युरोपच्या रक्षणाचा विचार करून केलेला करार अमेरिकेच्या मदतीला आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. मग ‘लष्करी युती’ आणि ‘सामूहिक संरक्षण’ नक्की. ‘भागीदार देश’ चालेल ना?

प्रतिसाद २:
चालेल, पण ‘सदस्य’ आणि ‘भागीदार’ यांची गल्लत होऊ देऊ नका. फिनलंड आणि स्वीडन १९९४ पासून नाटोचे भागीदार होते. एकत्र सराव करायचे, पण कलम ५ चं छत्र त्यांच्यावर नव्हतं. ते मिळालं सदस्य झाल्यावर, फिनलंडला २०२३ मध्ये आणि स्वीडनला २०२४ मध्ये. युक्रेन अजून भागीदारच आहे. तुमच्या लेखात तिथे चुकून ‘सदस्य’ पडलं, तर सगळा अर्थच उलटेल.