मदत हवी आहे: संभाजीनगरात खरं रामेन (जपानी नूडल सूप) कुठं मिळतं?

पुण्यात एकदा शोयू (सोया सॉसचं) रामेन खाल्लं, तेव्हापासून तीच चव डोक्यात बसलीय. इथं सिडको, निराला बाजार दोन्हीकडं हिंडलो, मेनूत रामेन असतं पण बाउलमधी येतं मंचाव सूप आन हक्का नूडल्स, पाच मिनिटात लिबलिबीत. खऱ्या नूडल्सच्या पिठात कान्सुई म्हणजे क्षाराचं पाणी असतं, त्यानीच त्या पिवळसर आन चिवट होतात, तेच पाहिजे. पोर्क चालत नाही म्हणून तोन्कोत्सु (डुकराच्या हाडांचं सूप) नको, चिकनच्या हाडांचं सूप चालंल, आपला पाया उकळतो तसं तासन्‌तास उकळून दुधासारखं झालेलं. बायको शाकाहारी आहे आन दाशीत (सुपाच्या जपानी अर्कात) बऱ्याचदा सुकी मासळी असते, म्हणून तिला फक्त कोंबू (समुद्री शेवाळ) आन शिताके (मशरूम) यांचं पाहिजे. पार्सल नको, नूडल्स फुगतात. जालन्यापर्यंत यायची तयारी आहे. कुणी स्वतः खाल्लंय का असं, कुठं?