बेने इस्रायली घरावर विनोदी दूरचित्रपट : थट्टा कुठे थांबवावी?

गिरगावकर (प्रश्न)
दूरचित्रवाणीसाठी मी दीड तासाचा विनोदी चित्रपट लिहीत आहे. कथा भायखळ्याच्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठीभाषक यहुदी समाजातल्या, घरातली आहे. शनिवारी सकाळी सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा यहुदी पुरुष जमत नाहीत, नऊच भरतात आणि प्रार्थनामंदिराचे सचिव दहाव्यासाठी घरोघरी फोन लावत सुटतात, हा कथेचा मध्य आहे. निर्मात्यांना पात्रांच्या तोंडी हेल काढलेली, चमत्कारिक मराठी हवी आहे आणि मला तीच खटकते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आग्रीपाडावासी
मी याच समाजातला आहे. चमत्कारिक मराठी आणणार कुठून? केहीमकर, पेणकर, रोहेकर ही आमची आडनावे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांवरून आलेली आहेत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत आणि योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाला, जुन्या बायका ‘दारफाळणीचा सण’ म्हणत.

खरी चूक फोनची आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवण्याचा विश्रांतीचा दिवस, असतो आणि तो पाळणारा सचिव फोनला हात लावणार नाही. त्याला कुणाला तरी पायी पिटाळावे लागेल आणि विनोद त्या पायपिटीतच आहे. लहानपणी मी प्रार्थनामंदिरातल्या बायकांच्या सज्ज्यात आईजवळ बसे. बायका मोजदादीत धरत नसत, पण मोजदाद त्याच करत. आई एकेक बोट मिटत नवव्यावर थांबे आणि दार वाजले की दहावे बोट आपसूक हले. एकदा आत आलेला गृहस्थ विजेचा मीटर वाचणारा निघाला, तेव्हा सगळा सज्जा तोंडाला पदर लावून हसत होता. मात्र माणसे का कमी पडतात हेही दाखवा. १९४८ नंतर निम्मी आळी इस्रायलला गेली. आमचा दहावा माणूस आज अश्दोदला किंवा लोदला असतो.

मांडवीकर
दहाव्या माणसाची गोष्ट यहुदी विनोदात फार वापरून झाली आहे, म्हणून माझे मत थोडे निराळे आहे. सॅम्युएल स्ट्रीटवरचे, १७९६ साली स्थापन झालेले प्रार्थनामंदिर दाखवाच, पण कॅमेरा लवकर स्वयंपाकघरात न्या. यहुदी धर्मनियमाने मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध. मासळी खवल्यांचीच, म्हणजे सरंगा चालतो, कोळंबी नाही. आता शेजारच्या सीकेपी वहिनींनी प्रेमाने कोळंबीची खिचडी पाठवली आहे आणि डबा रिकामा परत करायचा नाही, एवढ्यावर अर्धा तास सहज निघेल. परत जाणाऱ्या डब्यात पोहे, नारळ आणि गुळाचा मलिदा असावा.

गिरगावकर
दोघांचेही आभार. फोन आजच काढून टाकले. मीटरवाला घेतला तर चालेल का?

आग्रीपाडावासी
अवश्य घ्या, पण त्याला टोपी घालून दहावा म्हणून बसवू नका. तो बिचारा आकडा लिहून घेऊन गेला आणि आम्ही नऊजणच उरलो.